किडनीच्या रुग्णाला शिकवणार कोण? आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा

महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मधुमेह जुना आहे, आणि काही वर्षांपासून किडनीचा जुनाट आजारही सोबतीला आला आहे. डायलिसिसपर्यंत अजून वेळ आलेली नाही आणि ती जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलायची, हेच माझं सध्याचं काम. या कामात डॉक्टर, औषधं, तपासण्या यांचा वाटा मोठा आहेच. पण डॉक्टर भेटतात तीन महिन्यांतून एकदा, तेही काही मिनिटं. बाकी सगळा वेळ हे काम माझ्या स्वयंपाकघरात, मेडिकलच्या दुकानात, एसटीच्या प्रवासात आणि लग्नाच्या पंगतीत चालतं. तिथे मला काय माहीत आहे आणि ते करून दाखवायची हिंमत माझ्यात आहे की नाही, यावरच सगळं ठरतं.

राज्यात डायलिसिसची सोय वाढली, हे मी मनापासून मान्य करते. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरिबाचा खर्च भागू लागला. ज्याच्या घरात दर आठवड्याला डायलिसिसची वारी आहे, त्याला या सोयीचं मोल विचारा. माझं म्हणणं डायलिसिसच्या आधीच्या काळाबद्दल आहे. मधुमेह किंवा बीपीमुळे किडनी बिघडायला लागते, तेव्हापासून ती पूर्ण थकेपर्यंत पुष्कळदा दहा-पंधरा वर्षं जातात. या वर्षांत रुग्णाला गोळ्या मिळतात, सूचना मिळतात आणि पुष्कळ धाकही मिळतो. शिकवण मात्र कुणीच देत नाही.

रिपोर्टचंच घ्या. कागदावर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायच्या कचऱ्याचा, आकडा असतो आणि शेजारी सामान्य पातळी छापलेली असते. साठ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ आलं की घरचे म्हणतात, थोडंसंच वाढलंय, काळजीचं काही नाही. तोच आकडा वय आणि लिंग धरून सूत्रात घातला, तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ४३ येते. तरुण, निरोगी माणसात ती ९०च्या वर असते. म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता गेलेली आहे आणि आजार पाचपैकी तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात पोचला आहे. आणि या बाईला दुखत नाही, खुपत नाही, अंगावर सूजही नाही. मी आयुष्यभर मुलांची प्रगतिपुस्तकं भरली. मिळालेले गुण लिहून ते कितीपैकी हे लिहायचं राहिलं असतं, तर पालकांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जाब विचारला असता. किडनीच्या रुग्णाच्या हातात नेमका तसाच कागद पडतो आणि तो जाब विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नसतं. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी तर याहूनही आधी इशारा देते. मधुमेह झालेल्या साधारण तिघांपैकी एकाची किडनी पुढेमागे बिघडते, म्हणून ही तपासणी मधुमेह्यांनी दर वर्षी करायची असते. आमच्या भागात शुगर महिन्याच्या महिन्याला तपासणारी माणसं पुष्कळ आहेत, पण लघवीची ही तपासणी केलेलं माणूस शोधावं लागतं.

आता माहिती असूनही काय होतं ते सांगते.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. शेतमजुरीत गुडघे झिजलेले, बीपी जुना, किडनी बरीच कमजोर. त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की दुखण्याच्या गोळ्या आणि सुया घ्यायच्या नाहीत. ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक या जातीची औषधं किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. बीपीची ठरावीक गोळी आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल, तर मार तिहेरी बसतो. मावशींना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण सुई वाईट एवढं पक्कं माहीत होतं. तरी गुडघे धरले तेव्हा त्या गावातल्या दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांच्या किडनीची कुणाला कल्पना नव्हती. कंपाउंडरने सुई भरली आणि त्या मुकाट्यानं टोचून घेऊन आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ठावं हुतं की बाई मला. पण डाक्टरला कसं म्हणायचं, सुई नगं म्हणून?"

याच एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले. मावशींना अडलं होतं ते तोंड उघडायला, आणि तेही शिकल्याशिवाय येत नाही. आम्ही माझ्या ओसरीवर सराव केला. मी डॉक्टर झाले, त्या पेशंट. पहिल्यांदा त्या पदर तोंडाला लावून हसतच राहिल्या. मग वाक्य ठरवलं: "डॉक्टर, माझी किडनी कमजोर आहे, हा रिपोर्ट बघा, दुखण्यावर किडनीला चालेल असं द्या." मी मुद्दाम आवाज चढवून "काही होत नाही एका सुईनं" म्हणायचे. त्यावरही उत्तर ठरवलं: "मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, बघा." रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत कायमची ठेवली. पुढच्या वेळी त्या बोलल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, सुई बाजूला ठेवली, पॅरासिटामॉल दिली, शेक आणि मांडीचे व्यायाम सांगितले. वर म्हणाले, आधी का नाही सांगितलंत? आता मावशी मेडिकलवाल्यालाही विचारतात, आणि जावेच्या गोळ्यांची पट्टीसुद्धा माझ्याकडे घेऊन येतात.

बी.एड.ला आम्हाला अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास होता. त्याने १९७७ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट मला जमेल, हा विश्वास माणसाच्या वागण्याला फार मोठं वळण देतो. हा विश्वास कुठून येतो तेही त्याने सांगितलं. सगळ्यात जास्त स्वतः करून बघितल्याने येतो. आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेलं पाहून येतो. विश्वासाच्या माणसाने धीर दिल्याने येतो. आणि भीतीने, धडधडीने तो खचतो. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग चालवले. शिकवणारे पुष्कळदा स्वतः त्याच दुखण्याचे लोक होते. तिथे असं दिसलं की किती माहिती झाली, किती व्यायाम केला, यापेक्षा आपलं दुखणं आपल्याला सांभाळता येतं ही खात्री ज्यांच्यात आली त्यांची तब्येत अधिक सुधारली. किडनीच्या रुग्णांवर वेगवेगळ्या देशांत झालेला अभ्यासही साधारण हेच सांगतो. माहिती हवीच, पण ती वागण्यात उतरते ती आत्मविश्वासाच्या वाटेने.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. आत्मविश्वास भरपूर आणि माहिती नाही, ही जोडी त्याहून घातक. ओळखीतले एक गृहस्थ आहेत, बोलायला पुढे, कुणाला न घाबरणारे. बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणार, मोबाईलवर आलेला काढा दुसऱ्या दिवसापासून सुरू. मीठ वाईट म्हणून त्यांनी कमी सोडियमचं मीठ आणलं. या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते चालतं. किडनी मंद झालेल्या आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं, आणि ते खूप वाढलं तर फारशी पूर्वसूचना न देता हृदय बंद पाडू शकतं. त्यांच्या नियमित तपासणीत ते वेळेवर सापडलं, हे नशीब. सैंधव मिठाबद्दलही असाच गैरसमज घरोघर आहे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि कमरख, ज्याला हल्ली बाजारात स्टारफ्रूट म्हणून विकतात, ते फळ किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करतं, उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, प्रसंगी जीव जातो. कोकणात आणि गोव्यात ते परसात लागतं. तिथल्या रुग्णाला हे कुणी सांगतं का?

आता पथ्याच्या कागदाकडे येते, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. पुष्कळ दवाखान्यांत एक छापील कागद देतात. डाळ बंद, दूध बंद, फळं बंद, पालेभाजी बंद, टोमॅटो-बटाटा बंद, शहाळं बंद. खाली काय चालेल याच्या दोनच ओळी. आजाराचा टप्पा कुठला, रक्तात पोटॅशियम किती, वजन किती, काही न बघता सगळ्यांना तोच कागद. पोटॅशियम वाढलेलं नसेल तर फळं सोडायचं कारण नाही. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं चालतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दिवसाला ४० ग्रॅम. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या ताटात एवढी प्रथिनं आजारी नसतानाही नसतात! त्यांची डाळ बंद करून आपण काय साधतो? आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज उलट वाढते, कारण यंत्रातून ती थोडी वाहून जातात आणि शरीराची झीजही होते. पण जुना कागद भिंतीवर तसाच चिकटलेला असतो. माणूस डाळीला घाबरतच राहतो, सुकत जातो, आणि घरचे समजतात आजार वाढला.

भीतीने माणूस एक तर जेवण सोडतो, नाही तर पथ्य सोडतो. ज्याला दहा गोष्टी बंद सांगितल्या तो आठवडाभर दहाही पाळतो आणि मग एकाच दिवशी सगळ्या सोडून देतो. त्याऐवजी एकच गोष्ट आधी धरायला लावा. मिठापासून सुरू करा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा, बेकरीची खारी, फरसाण, सगळं आलं. हे नुसतं सांगून कळत नाही. मी शेजारच्या चार बायकांना बोलावून आपण रोज घालतो तेवढं मीठ ताटलीत काढायला लावलं, भाजीचं वेगळं, आमटीचं वेगळं, पीठ मळतानाचं वेगळं. मग घरातल्या माणसांनी भागलं. भागाकार झाल्यावर कुणी काही बोलेना. दुसऱ्या दिवसापासून पिठातलं मीठ चौघींनीही काढलं, कारण ते निघालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, हे त्यांनीच शोधलं. मग ताटातलं वरचं मीठ गेलं. लिंबू, कोकम, जिरं, लसूण यांनी चव सांभाळता येते हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं. एक गोष्ट जमली की दुसरी धरायला हिंमत येते.

इथे एक बारीक, पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. रुग्ण पुरुष असेल तर डॉक्टर त्याच्याशी बोलतात आणि बायको बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत बसते. मीठ कुणाच्या हातात आहे? त्या बाहेर बसलेलीच्या. तिला आत बोलावल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जाणार. आणि रुग्ण बाई असेल तर प्रश्न उलटा होतो. ती स्वयंपाक सगळ्यांच्या चवीचा करते, स्वतःसाठी वेगळं काही करायची तिला लाज वाटते, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवते. तिला पथ्य समजावून उपयोग नाही, तिच्या घराला समजवायला लागतं. माझ्या घरी मुलाने पुढाकार घेतला आणि आमटीतलं मीठ सगळ्यांसाठीच कमी झालं. सगळ्या घरांत असा मुलगा नसतो.

"रुग्ण औषधं नीट घेत नाहीत," असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यामागे काय असतं तेही बघा. लघवी वाढवणारी गोळी बायका शेतात जायच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, एसटीच्या प्रवासाच्या दिवशी चुकवतात. कारण साधं आहे, जायला जागा नसते. हे पुरुष डॉक्टरांसमोर त्या बोलत नाहीत. गोळीची वेळ बदलता येते का, दुपारी घरी आल्यावर घेतली तर चालेल का, एवढं विचारण्याची मोकळीक त्यांना मिळाली तर पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटेल. मधुमेहात याहून फसवी गोष्ट घडते. किडनी थकत जाते तसं इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे शुगर आपोआप उतरायला लागते. घरात आनंद होतो, पथ्याला यश आलं म्हणतात. खरं तर ती किडनी खालावल्याची खूण असू शकते, आणि औषधाचा डोस वेळेत कमी केला नाही तर पहाटे घाम फुटून माणूस बेशुद्ध होतो. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत बीपीच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या आणि किती दिवस, हे तब्येत बरी असतानाच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवायला हवं. पाण्याचंही तेच. मुतखड्याच्या माणसाला भरपूर पाणी प्या म्हणतात, ते ऐकून डायलिसिसवरचा माणूसही तांबेच्या तांबे पाणी पितो, की किडनी साफ होईल. त्याला साधारणतः दिवसभरात झालेल्या लघवीइतकं आणि वर अर्धा लिटर, एवढंच पाणी चालतं. जास्तीचं पाणी फुप्फुसांत साचून रात्री दम लागतो.

या साऱ्यासाठी मी डॉक्टरांना दोष देत नाही. सरकारी ओपीडीतली रांग मी बाकावर बसून बघते. एका रुग्णाला तीन-चार मिनिटंही येत नाहीत. डॉक्टर भराभर सांगतात आणि शेवटी विचारतात, समजलं का? रुग्ण म्हणतो, हो. वर्गातही असंच होतं. "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो, आणि फळ्याजवळ बोलावलं की कळतं कुणाला काय समजलं. म्हणून रुग्णाला विचारायचा प्रश्न वेगळा हवा: घरी गेल्यावर सूनबाईला हे कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा. बीपीचं यंत्र त्याच्या हातात द्या आणि मोजून दाखवायला सांगा. पाच मिनिटं शांत बसला का, पट्टा सदऱ्यावरून तर नाही ना बांधला, हात छातीच्या पातळीला टेकवला का, बोलत तर नाही ना. चुकला तर पुन्हा. दोन-तीन वेळा बरोबर जमलं की तो घरी वही घालतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे स्वतःहून वही उघडतो. अशी वही घेऊन येणाऱ्या माणसाशी डॉक्टरही वेगळं बोलतात, हे मी पाहिलंय.

शिकवायला माणसं कुठून आणायची, हा आपला पहिला प्रश्न असेल. काही माणसं आपल्याकडे आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समुपदेशकाचं पद आहे. जिथे ते भरलेलं आहे तिथे त्या माणसाचा दिवस नोंदवह्या भरण्यात आणि ऑनलाइन माहिती चढवण्यात जातो, हे आपल्यालाही ठाऊक असेल. त्याच्या हातून निदान आठवड्यातला एक दिवस सोडवा आणि त्याला शिकवू द्या. आशाताई तिशीपुढच्या माणसांची बीपी-शुगरची यादी करतातच, त्यांना दुखण्याच्या गोळ्या, मीठ आणि लघवीची तपासणी एवढ्या तीन गोष्टी नीट शिकवा, त्यासाठीचा मोबदला द्या, फुकट राबवू नका. आणि सगळ्यात चांगले शिक्षक आपल्या डायलिसिसच्या वॉर्डात पडून आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास ही माणसं एका जागी असतात. त्यांच्यातल्या जुन्या, सावरलेल्या रुग्णांकडे जे ज्ञान आहे ते कुठल्याही पत्रकात नाही. तहान कशी मारायची, दोन डायलिसिसच्या मधे वजन कसं आटोक्यात ठेवायचं, हातावरच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीची, थरथर रोज सकाळी बोटांनी कशी बघायची आणि ती लागली नाही तर त्याच दिवशी रुग्णालय का गाठायचं, हे त्यांना येतं. नव्या रुग्णाला डॉक्टरांपेक्षा त्यांचं लवकर पटतं, कारण ते स्वतः त्यातून जाऊन उभे असतात.

फिस्टुलावरून आठवलं. चौथ्या टप्प्यात आलेल्या रुग्णाने ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताच्या शिरा राखायच्या असतात. त्या हातावर सलाईन नको, रक्त काढणं नको. फिस्टुला करून तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून कितीतरी जण रात्री दम लागून येतात आणि मानेतल्या नळीने पहिलं डायलिसिस होतं. त्या नळीत जंतुसंसर्गाचा धोका मोठा. नर्स सुई घेऊन डाव्या हाताकडे वळली की "ताई, या हाताला नको" एवढं म्हणता येणं, हेही शिकवायला हवं. मी म्हणते. पहिल्यांदा नर्सबाई चिडल्या, आता स्वतःच उजवा हात मागतात.

अशिक्षित, खेड्यातल्या लोकांना हे जमणार नाही, असं वाटत असेल तर थायलंडकडे बघा. तिथल्या सरकारने २००८ मध्ये पोटावाटे घरी करायचं डायलिसिस आपल्या मोफत योजनेत प्रथम पर्याय म्हणून आणलं. दिवसातून तीन-चार वेळा हात धुऊन, पिशवी जोडून, द्रव आत सोडायचा आणि काढायचा. हे खेड्यातली हजारो शेतकरी माणसं स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने करू लागली, कारण त्यांना नीट शिकवून घरी पाठवलं जात होतं आणि मागोमाग नर्स विचारपूस करत होती. २०२२ मध्ये तिथे पद्धत निवडायची मोकळीक रुग्णाला दिली गेली. आपल्याकडेही २०१९ मध्ये केंद्राने पोटावाटेच्या डायलिसिसची मार्गदर्शक सूत्रं काढली. मेळघाटातल्या किंवा दुर्गम कोकणातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणं म्हणजे रोजगार बुडवणं. त्याच्यासाठी ही पद्धत किती सोयीची होईल! पण शिकवणारा माणूस नसेल तर पिशव्या देऊन काही होणार नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच ठराव केला. भारत त्या सभेचा सदस्य आहे. त्यामुळे मार्चमध्ये जागतिक किडनी दिनाला रॅली, रांगोळी आणि फलक यापलीकडे काही करायला आता चांगलं निमित्त आहे. मी मागते आहे ते फार खर्चाचंही नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर आणि आजाराचा टप्पा मराठीत छापा. मधुमेह आणि बीपीच्या प्रत्येक रुग्णाची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा तालुक्याला फुकट करा. ज्याचा ईजीएफआर ६०च्या खाली राहतोय, त्याला घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसासह महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात वर्गाला बोलवा. वर्ग बाजाराच्या दिवशी ठेवा, म्हणजे वेगळं भाडं पडणार नाही. त्या वर्गात भाषण नको. मीठ मोजू दे, बीपी मोजू दे, डॉक्टरांशी आणि मेडिकलवाल्याशी बोलायचा सराव करू दे. पथ्याचा सरसकट कागद मागे घ्या आणि आहारतज्ज्ञाकडून टप्प्याटप्प्याचे वेगळे कागद करून घ्या, काय खायचं ते वर आणि काय टाळायचं ते खाली. वर्ग चालला की नाही हे हजेरीवरून ठरवू नका. सहा महिन्यांनी रुग्णांना बोलावून बघा, किती जण वही घेऊन येतात, किती जणांनी दुखण्याची सुई नाकारली, किती जणांना आपला टप्पा सांगता येतो.

आमच्या तालुक्यात असा एक वर्ग प्रयोग म्हणून सुरू करायची आपली तयारी असेल, तर शिकवायला मी येईन. मानधन नको. गल्लीतल्या मावशीही यायला तयार आहेत, दवाखान्यात कसं बोलायचं तो तास त्या घेणार आहेत. एक खोली, एक बीपीचं यंत्र, एक वजनकाटा आणि शंका विचारायला महिन्यातून एक तास डॉक्टर, एवढं आपण द्यावं. माझं नाव, पत्ता आणि पहिल्या सहा वर्गांची आखणी आपल्या कार्यालयाच्या नावाने रजिस्टर टपालाने वेगळी पाठवली आहे. उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका आणि किडनीची रुग्ण